रंगारणीची वसुली

एका राज्यात, फाल्गुन वद्य द्वितीयेला, सकाळी दाट धुके पडले होते आणि वारा निपचित होता. नदीकाठच्या अंगणात हौसा रंगारणीने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिले आणि तिच्या हातातले ढवळायचे लाकूड गळून पडले. भिवजी रंगारी धुतल्या मांजरपाटासारखा पांढरा झाला होता. कातडी पांढरी, केस पांढरे, ओठही पांढरे. दोरीवरच्या कोऱ्या लुगड्यांपाशी तो उभा राहिला, तर लुगडे कोणते आणि भिवजी कोणता, ते ओळखू येईना.

"अहो, दुखतंय का कुठं?"

"दुखत नाही गं. हलकं वाटतं. वारा नाही ते बरं आहे."

भिवजीच्या घरी एक रांजण होता. पणज्याला तो एका जोगिणीने दिला होता. त्यातला रंग कापडाला चढे, तसाच पिसांना चढे, अंधारालाही चढे. रांजणाला बोलता येत असे; पण विचारल्यावाचून तो बोलत नसे, आणि चार पिढ्यांत कोणी त्याला काही विचारले नव्हते. हौसाने विचारले.

रांजण घुमला, "रंग गेला, मोल आलं नाही आणि मोलाचा दिवसही ठरला नाही, तर तो रंग मी मालकाच्या अंगातून भरून घेतो. जोगिणीचा शापच तसा आहे. भारद्वाज पक्ष्यानं तांबूस नेला, तो कातडीतून घेतला. मांत्रिकानं काळा नेला, तो केसांतून घेतला. राजानं लाल नेला, तो रक्तातून घेतो आहे. पाडव्याचा सूर्य उगवला, की त्याचं उरलेलं सगळं पाणी होऊन नदीला मिळेल."

"आणि मोल आलं तर?"

"तर ज्याचं त्याला परत."

हौसा नवऱ्याकडे वळली. "उधार देताना काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

भिवजीने मान खाली घातली. "म्हणालो, द्या सावकाश. असं म्हणावं लागतं, हौसे. दारी आलेल्याला दिवस विचारायचा? बरं दिसतं का ते?"

हौसाला रागावता येईना, कारण तीही त्यातलीच. मागायचे तिच्या जिवावर येई. देणेकरी वाटेवर दिसला, की मागायला उभी आहे असे त्याला वाटू नये म्हणून ती रांजणामागे लपत असे.

तिने भाकरी बांधली. आधी लहान देणेकरी, मग मोठा, असे मनाशी ठरवले आणि निघाली.

करवंदीच्या जाळीत भारद्वाज बसला होता. हौसाला पाहताच तो आणखी आत सरकला.

"पक्षिराज, बरेच दिवस आमच्या अंगणावरून गेला नाहीत. शेजारी म्हणतात, रंगाऱ्याच्या घराचा शकुन गेला."

"शकुन कसला घेऊन बसलीस! तोंड लपवतोय मी. तुझं अंगण टाळायला रोज नदीला वळसा घालतो. पंख दुखून आले."

"आणि मी रांजणामागे लपते."

दोघांनाही हसू आले. मग भारद्वाज जाळीबाहेर आला. "एकदम देणं जमायचं नाही, रंगारणी. माझ्या चोचीत मावेल तेवढंच आणता येतं."

"मग तेवढंच आणा. पण रोज आणा. सूर्य उगवायच्या वेळी तांबड्या रंगाच्या मंजिष्ठेची एक मुळी, पाडव्यापर्यंत."

"ठरलं," भारद्वाज म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना अंगणात मुळी पडली, आणि भिवजीच्या उजव्या कानाची पाळी तांबूस झाली. ती पाहून हौसा डोंगर चढू लागली.

डोंगरावरचा मांत्रिक रोज तिन्हीसांजेला काळी घोंगडी झटके आणि डोंगरावर रात्र पडे. ती घोंगडी भिवजीने रंगवली होती. मांत्रिकाने हौसाला दारातच अडवले.

"मोल कशाचं मागतेस? फसव्या रंगाचं? एका पावसात रात्र ओघळली. आता इथं धड अंधार पडत नाही. घुबडं उपाशी, आणि कोंबडे वाटेल तेव्हा आरवतात!"

तेवढ्यात कोंबडा आरवला. हौसाने अंगठा ओला करून घोंगडीच्या कोपऱ्यावर घासला. अंगठा काळा झाला.

"खरं आहे तुमचं," ती म्हणाली. "हिरडा कमी पडला. रंग घ्यायच्या आधी कापडाला हिरडा पाजावा लागतो. चूक आमच्या घरची. मी भरून देते."

तिने तिथेच चूल मांडली, हिरडा कुटला, लोखंडाचा कीस घातला आणि घोंगडी तीनदा बुडवून तीनदा वाळवली. मग स्वतः तिच्यावर घागर ओतली. पाणी स्वच्छ खाली आले. त्या सांजेला मांत्रिकाने घोंगडी झटकली, आणि डोंगरावर अशी रात्र पडली की त्याला स्वतःचे दार सापडेना.

"वा, रंगारणी! नाणी सावकाश पाठवून देतो."

"सावकाश नको, बाबा. आत्ता."

"अगं, तुझा नवराच म्हणाला होता, सावकाश द्या!"

"म्हणाले होते. त्यानंच त्यांचे केस पांढरे झाले."

अंधारात चाचपडत मांत्रिकाने उंबऱ्याखालची थैली काढली आणि नाणी मोजून दिली.

डोंगराच्या चढउतारातच बरेच दिवस गेले; चतुर्दशीला हौसा राजवाड्यात पोहोचली. राजा पद्मकेतूचा खजिना दरबारातच होता आणि त्याच्या दाराला एक जिवंत कुलूप होते. अत्तरवाला पुढे आला, मुजरा करून म्हणाला, "मागची बाकी द्या सावकाश, महाराज." कुलूप मोहरीभर फुगले. झूल शिवणारा म्हणाला, "सावकाश द्या, महाराज." कुलूप आणखी फुगले. फुगून फुगून ते वासराएवढे झाले होते, आणि राजाच्या कमरेची किल्ली त्याच्या भोकात काडीसारखी हले.

"ये, रंगारणी," राजा म्हणाला. "पाडव्याला युवराजाचं लग्न आहे. कुसुंबी पागोटं हवं."

"मागचं चुकतं झाल्यावाचून पुढचा रंग नाही, महाराज."

खजिनदार फिस्कन हसला. "बाई, हा राजा आहे. भाजीवाला नव्हे."

"भाजीवाला असता तर एवढी उधारी झालीच नसती," हौसा म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिने पदर तोंडावर धरला.

राजा रागावला नाही. तो हळूच म्हणाला, "आत सगळं आहे, बाई. पण कुलूप उघडत नाही. आणि तुम्हा लोकांना घाई नाही, असंच मला वाटत आलं. कोणी कधी दिवसच सांगितला नाही. थोडं समजून घे."

राजा इतक्या अजिजीने बोलला, तेव्हा हौसाच्या जिभेवर 'सावकाश' आलेच. कुलूप कान टवकारून फुगायला टपले. हौसाला दोरीपाशी उभा असलेला भिवजी आठवला. तिने जीभ चावली.

"उद्या अमावास्या," ती म्हणाली. "सूर्य कासराभर वर आला, की मी या दारापाशी उभी राहीन. तेव्हा द्या."

"राजाला तिथी सांगतेस?" खजिनदार ओरडला. "तिथी सांगायला भटजी आहेत!"

"थांबा," राजा म्हणाला. "आवाज ऐका."

कुलूप कुरकुरत होते. त्याने जन्मात प्रथमच दिवस ऐकला होता. वासराएवढे होते ते बकरीएवढे झाले. अत्तरवाल्याने ते पाहिले आणि तो म्हणाला, "महाराज, माझंही... उद्याच." कुलूप मांजराएवढे झाले. झूल शिवणाराही पुढे झाला.

अमावास्येला सूर्य कासराभर वर आला, तेव्हा कुलूप मुठीएवढे होते. किल्ली फिरली. राजाने पहिली ओंजळ हौसाच्या पदरात घातली.

ती घरी पोहोचली तेव्हा सांज झाली होती. भिवजी फाटकात उभा होता. केस काळेभोर, ओठ लालबुंद.

"विडा खाल्लात?"

"नाही गं," भिवजी म्हणाला, आणि त्याचा आवाज पहिल्यासारखा भरदार आला.

पाडव्याला सूर्य उगवताना भारद्वाजाने शेवटची मुळी टाकली, आणि भिवजीच्या डाव्या टाचेवरचा उरलेला पांढरा डाग गेला. कुसुंबी पागोटे वेळेवर राजवाड्यात गेले.

त्याच दिवशी दुपारी शेजारची कासारीण लुगडे रंगवून न्यायला आली. "भिवजीदादा, पैसे आज नाहीत."

"असू दे गं, दे साव..." भिवजी म्हणाला.

आतून हौसा खोकली.

भिवजीने उरलेला शब्द गिळला. "कधी देशील, ताई?"

"अष्टमीला."

चैत्र शुद्ध अष्टमीला आभाळ निरभ्र होते आणि ऊन कडक होते. कासारीण आली, तिने तीन नाणी रांजणाच्या काठावर ठेवली आणि ती गेली.