मोजणीदाराची दुसरी सायकल

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली तिथल्या राजाचं नाव आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात घोडे थोडे होते आणि सायकली बऱ्याच होत्या, एवढं मात्र लोक सांगतात. तुम्ही लहान असा की मोठे, ऐकून ठेवा.

त्या राज्यात डोंगरामागच्या एका गावी एक मोजणीदार राहत होता. लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजून द्यायच्या, हे त्याचं काम. त्याने खुंटी ठोकली की भावाभावांतलं भांडण मिटायचं, इतकं त्याचं माप नेमकं. एकदा मोजलेलं तो पुन्हा मोजायचा, आणि मग तिसऱ्यांदा. गावाला त्याचं कौतुक होतं. त्याला स्वतःलाही होतं.

त्याच्या बायकोचं माहेर समुद्रकाठी होतं, चाळीस कोसांवर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तेवढ्या काळात ती एकदाच माहेरी गेली होती, वडील वारले तेव्हा, मीठवाल्यांच्या तांड्याबरोबर चालत. आता तिथे तिची म्हातारी आई एकटी राहत होती.

मोजणीदाराकडे एक सायकल होती. त्याने बायकोला सांगितलं, की आपण आणखी एक घेऊ. जुनी तू चालव, नवी मी चालवतो, सामान माझ्याकडे. तीन दिवसांत आईच्या दारात पोहोचू.

ती त्याच संध्याकाळी खळ्यावर सायकल शिकायला लागली. दोनदा पडली, गुडघा फुटला, आठ दिवसांत शिकली. मग मीठवाल्यांच्या हाती तिने आईला निरोप धाडला, की दिवाळी झाली की आम्ही येतो.

बाजाराच्या गावी एक म्हातारा कारागीर पोलादाच्या सायकली करायचा. तो दोनच तऱ्हेच्या करायचा. एक लांब अंगाची, जाड टायरांची, मागेपुढे सामानाला कॅरिअर असलेली. दुसरी सडपातळ, बारीक टायरांची, वाकड्या हँडलची. तिला पायडल मारलं की ती वाऱ्यासारखी सुटायची. पोलाद दोन्हींचं एकच आणि हातही एकच.

मोजणीदार पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने दोन्ही चालवून पाहिल्या. दोन्ही त्याला आवडल्या. खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती.

पण तो विचार करू लागला. चाळीस कोसांपैकी बारा कोस घाटाचा खडकाळ रस्ता, उरलेला अठ्ठावीस कोस राजरस्ता. घाटात बारीक टायर टिकेल का? आणि राजरस्त्यावर ती जड सायकल ओढताना दम गेला तर? तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, पुढच्या बाजारी नक्की करतो.

पुढच्या बाजारी त्याला राजाची पत्रं नेणारा जासूद भेटला. जासूद म्हणाला हलकी घ्या. त्याच्या पुढच्या बाजारी एक फिरस्ता भेटला. तो म्हणाला जडच घ्या, हलकीचं चाक पहिल्याच दगडावर वाकेल. मोजणीदाराने दोघांचं म्हणणं लिहून घेतलं. मग त्याने घाटाकडून येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारायला सुरुवात केली. कुठे चढ आहे, कुठे खडी आहे, वाळू किती खोल आहे. त्याच्याकडे चिठ्ठ्यांचा गठ्ठा झाला. दर चिठ्ठीगणिक त्याला वाटे, आणखी एक कळलं की झालं.

दिवाळी गेली. संक्रांत गेली. मीठवाल्यांबरोबर आईचा निरोप आला. ती विचारत होती, की निघालात का.

बायको म्हणाली, "कुठलीही आणा. मला आई दिसली म्हणजे झालं."

"अगं, एकदाच घ्यायची वस्तू आहे," तो म्हणाला. "चुकून कसं चालेल?"

तिला वाटलं, हा माणूस आपल्याचसाठी एवढा विचार करतोय. आणि ते खोटंही नव्हतं.

उन्हाळ्यात मोजणीदाराला एक नवी युक्ती सुचली. त्याने कारागिराला सांगितलं, की दोन्हींच्या मधली एक सायकल करून द्या. टायर ना जाड ना बारीक. अंग ना लांब ना आखूड.

म्हाताऱ्या कारागिराने हातातली कानस खाली ठेवली. त्याने विचारलं, "मोजणीदार, जायचं कुठे आहे तुम्हाला?"

मोजणीदाराने सांगितलं. कोण वाट पाहतंय, तेही सांगितलं.

"मग यातली कुठलीही न्या," कारागीर म्हणाला. "दोन्ही तुम्हाला तिथे पोहोचवतील. पण दुकानात उभी असलेली एकही पोहोचवणार नाही."

मोजणीदाराला वाटलं, म्हाताऱ्याला कामाचा कंटाळा आलाय. त्याने हट्टच धरला. कारागिराने मधली सायकल करायला घेतली. ती होईपर्यंत पाऊस लागला आणि घाट बंद झाला. पावसाळ्यानंतर मोजणीदाराने ती चालवून पाहिली. त्याला ती जड सायकलीइतकी भक्कम वाटली नाही आणि हलकीइतकी चपळ वाटली नाही. तिला तिथेच ठेवून तो परत आला.

त्या हिवाळ्यात मीठवाल्यांनी दुसरा निरोप आणला. आईची नजर गेली होती. म्हातारी म्हणाली होती, की घाई करू नका, रस्ता वाईट आहे; तुम्ही आलात की मी हाताने चाचपून तोंड बघेन.

तो निरोप ऐकून बायको चुलीपाशी बसून राहिली. मग उठून नवऱ्याला म्हणाली, की मी याच तांड्याबरोबर चालत जाते. पंधरा दिवस लागतील, लागू देत.

मोजणीदाराला फार वाईट वाटलं. पंधरा दिवस तिने थंडीवाऱ्यात चालावं, आणि तेही सायकल हाताशी आलेली असताना? त्याने तिची समजूत घातली. आता फक्त जड की हलकी एवढंच उरलंय, तो म्हणाला. येत्या गुरुवारच्या बाजारी ठरवतो. तिने बांधलेलं गाठोडं सोडलं. तांडा तिच्याविना गेला.

येता गुरुवार गेला. त्याच्या पुढचा गेला. तिने पुन्हा विचारलं नाही. खळ्यावर सायकल चालवायलाही ती आता जात नव्हती.

होळीच्या आसपास तांडा परतला. या वेळी मीठवाला ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहून त्याने सांगितलं, की म्हातारी गेली, आज सोळा दिवस झाले.

मोजणीदार धावत बाजाराच्या गावी गेला. दुकानात शिरला आणि दारापाशी जी सायकल हाताला लागली ती घेऊन बाहेर आला. जड की हलकी, हे त्याने पाहिलंसुद्धा नाही. दीड वर्ष जे ठरत नव्हतं ते एका श्वासात झालं.

दुसऱ्या दिवशी दोघं निघाली. पहिल्या दिवशी घाट लागला. चढ असा उभा होता, की तिथे कुणीच सायकलीवर बसत नव्हतं. जासूद उतरून चालत होते, व्यापारी उतरून चालत होते, ही दोघंही उतरली आणि सायकली ढकलत चढली. माथ्यावर बायको क्षणभर थांबली. तिने खाली, मागच्या वाटेकडे पाहिलं.

"इथं कुठलीही चालली असती," ती म्हणाली.

पुढच्या राजरस्त्यावर सायकली आपोआप धावल्या. रस्ता इतका सोपा होता, की मोजणीदाराला त्याची लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती दोघं पोहोचली. घराला कडी होती. शेजारीण बाहेर आली आणि तिने म्हातारीच्या मुलीला जवळ घेतलं. म्हातारी रोज दुपारपासून पायरीवर बसायची, असं तिने सांगितलं. नजर गेल्यावरही बसायची. रस्त्यावरून सायकल गेली की विचारायची, ही कुणाची गं? शेवटचे चार दिवस तिला आत निजवलं होतं, तरी दार उघडं ठेवायला लावलं होतं.

मुलगी त्या पायरीवर बसली. ती रडली नाही. मोजणीदार तिच्यासमोर उभा राहिला. माझं चुकलं, तो म्हणाला. मला तुझ्यासाठी चांगली सायकल हवी होती.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर मी दीड वर्ष थांबले. आता तुम्ही घरी जा. मी इथेच राहते."

त्याने तिला समजावून पाहिलं, हात जोडले. ती रागावली नाही, ओरडली नाही. ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. चौथ्या दिवशी तो जुन्या सायकलीवर बसून एकटा परत निघाला. नवी त्याने तिच्या दाराशी ठेवली, म्हणजे तिच्या मनात येईल तेव्हा तिला येता यावं. समुद्राच्या खाऱ्या हवेत ती सायकल दोन पावसाळ्यांत गंजली. तिथे आल्यापासून तिची साखळी एकदाही फिरली नव्हती.

मोजणीदार पुढे बरीच वर्षं जगला. लोकांच्या हद्दी मोजत राहिला, पण त्याचा हात बिघडला होता. एकदा मोजलेलं पुन्हा मोजायला तो घाबरायचा. दर हिवाळ्यात तो मीठवाल्यांना तिची खुशाली विचारायचा. बरी आहे, ते सांगायचे. काही निरोप आहे का, तो विचारायचा. ते नाही म्हणायचे आणि बैल हाकायचे.

तात्पर्य: दोन चांगल्या वस्तूंतली जास्त चांगली कोणती हे ठरवण्यात जो दिवस घालवतो, तो ती वस्तू ज्या माणसासाठी हवी होती त्यालाच गमावून बसतो.