चपलांपाशी आलेली भाकरी

नाथानेल महाराज प्रवरेकाठच्या देवगव्हाणात राहत असत, तेव्हाची ही गोष्ट. महाराज मोठे प्रेमळ, पण भाविकहो, सिमोन जगधनेने त्यांना अगदी मेटाकुटीला आणले होते.

बायको बाळंतपणात गेली तेव्हा सिमोनने संतापाच्या भरात प्रभुमंदिरातला क्रूस उचलून विहिरीत टाकला होता. लोकांनी तो काढून पुन्हा जागेवर लावला. सिमोन मात्र तेव्हापासून दाराबाहेर चपलांपाशी बसे. गावची रीतच तशी होती. अपराध्याने चपलांपाशी बसायचे, आणि ज्याचा अपराध केला त्यानेच उठून हाताला धरून आत न्यायचे, म्हणजे समेट झाला.

"अरे, देवानं समेट कधीच केलाय, तोही आपल्या पुत्राचं रक्त सांडून," महाराज कानीकपाळी ओरडत. "तंटा तुझा, रुसवाही तुझाच. आता आत ये की."

"त्यानं हाताला धरल्याबिगर कसं यावं, म्हाराज?"

पालथ्या घड्यावर पाणी! महाराज कपाळावर हात मारून घेत.

त्या उन्हाळ्यात सिमोनने हट्टाने अन्नही सोडले. प्रभुभोजनाच्या रविवारी त्याला बसवतही नव्हते, भिंतीला टेकून तो डोळे मिटून पडला होता. असाच राहिला तर आठवडाही काढणार नाही, हे महाराजांना दिसत होते. प्रभुभोजनात प्रभूचे शरीर म्हणून मोडून वाटायची भाकरी मंडळीतल्या एज्रापंचांच्या घरून येई आणि त्याचा त्यांना भारी तोरा. ती घेऊन आत जाताना पंच सिमोनकडे बघून हसले.

"बस वाट बघत. देव आता वेदी सोडून चपलांत येनार व्हय?"

महाराजांनी प्रार्थना केली आणि भाकरी मोडायला घेतली. मोडेना. ताजी, मऊ भाकरी, पण जोर लावूनही तिला चीर जाईना. मंडळी कुजबुजू लागली, पंच गोरेमोरे झाले. आधीच वैतागलेल्या महाराजांनी वर पाहिले.

"प्रभो, आता तूही हट्टाला पेटलास?"

बोलता बोलताच त्यांना उमगले. भाकरी घेऊन ते तडक बाहेर आले, चपलांत मांडी घालून बसले आणि त्यांनी सिमोनचा हात धरला. त्याच क्षणी भाकरी आपसूक मोडली!

"घे. तुझ्या रीतीप्रमाणं तो उठून आलाय. आता तरी तोंड उघड, बाबा."

सिमोनने घास घेतला आणि तो लेकरासारखा रडला.

उंबऱ्यात उभे असलेले एज्रापंच खाली वाकले. त्यांनी सिमोनच्या पायांवर डोके ठेवले. "देव माझ्यापुढनं गेला, म्हाराज, आन् मी हसत हुतो."

"पुरे झालं पाया पडणं," महाराज म्हणाले. "शेजारी बस आणि त्याच्या हातची खा."

सिमोनने आपल्यातली अर्धी पुढे केली. मग एकेक करून सारी मंडळी बाहेर आली, आणि त्या रविवारी देवगव्हाणचे प्रभुभोजन चपलांतच झाले.