कौत्सीपुत्राच्या आईचं नाव

“मग बायकांचा मान राखायचा तरी आणखी कसा, थेरी?”

अमात्य स्कंदघोषाचा आवाज चढला होता. साऱ्या परगण्याचा कारभार बघणारा माणूस तो. कुणी आपल्याला ‘हो’ म्हटलं नाही की त्याला बेचैन व्हायचं.

डोंगरातल्या त्या लेण्यांत भिक्षुणी राहत. त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या भिक्षुणीला सगळे थेरीच म्हणत. ती उन्हाला बसून फाटलं चीवर शिवत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही.

“इतर देशांत जाऊन बघा,” स्कंदघोष म्हणाला. “तिथं बाप, आजा, पणजा सांगतात. आमच्याकडं राजासुद्धा आईवरून ओळखला जातो. मीही कौत्सीपुत्र स्कंदघोष. आधी आई, मग मी!”

“छान आहे,” थेरी म्हणाली.

ते ‘छान’ काही त्याला बरं वाटलं नाही.

त्याची आई जाऊन बारा दिवस झाले होते. शेवटच्या दिवशी तिनं त्याचा हात धरला आणि म्हणाली, “माझं नाव कुठंतरी राहू दे रे बाळा.” उभ्या जन्मात तिनं लेकाकडं मागितलेली ही एकच गोष्ट. म्हणून तर तो एवढा डोंगर चढून आला होता. भिक्षुणींसाठी पाण्याचं टाकं खोदवायचं आणि वरच्या कातळात आईचं नाव कोरायचं. माणूस जातो, कातळ कुठं जातोय! पाथरवटानं तेवढी जागा घासून गुळगुळीत केली होती आणि तो छिन्नी घेऊन उभा होता.

“काय कोरू, स्वामी?”

“लिही. अमात्य स्कंदघोषाची आई कौत्सी, हिच्या नावानं हे टाकं.”

थेरीचा हात थांबला.

“कौत्सी हे तिचं नाव?”

“म्हणजे काय! सगळा परगणा तिला...”

“कौत्स हे तिच्या बापाचं गोत्र. त्या घरात जन्मली ती कौत्सी. तिची बहीण कौत्सी, आत्या कौत्सी, चुलतबहिणी असतील तेवढ्या सगळ्या कौत्सी. मी तिचं नाव विचारते आहे.”

स्कंदघोष हसला. म्हणजे हसायला गेला. तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.

नाव...

वडील तिला ‘अगं’ म्हणायचे. तो ‘आई’ म्हणायचा. नोकरचाकर ‘स्वामिनी’. यज्ञाला बसताना पुरोहितानं विचारलं की वडीलच सांगायचे, कौत्सी. पन्नाशीला आलेला हा शहाणा, बापाकडच्या सात पिढ्या एका दमात म्हणून दाखवायचा. आणि आता बघा, कपाळावर घाम!

“मामाला विचार,” थेरी म्हणाली.

“मामा गेले.”

“मावशी?”

“तीही...”

“माहेरचं आणखी कुणी?”

पाथरवटानं छिन्नी या हातातून त्या हातात घेतली.

“माहेराहून तिच्याबरोबर एक दासी आली होती,” स्कंदघोष शेवटी म्हणाला. “लहानपणापासून दोघी बरोबर. चुलीपाशी दुसरं कुणी नसलं की एकमेकींना नावानं हाक मारायच्या. मी बाहेर खेळत असायचो. मला नुसतं हसणं ऐकू यायचं...”

“मग तिला विचार.”

“ती नाही आता.”

“मेली?”

“दिली.”

“कुणाला?”

“बंदरावरच्या यवन व्यापाऱ्याला. तीन वर्षं झाली. त्यानं मला मद्याचे दोन रांजण भेट दिले होते, मग मलाही काहीतरी देणं भागच होतं. त्याच्या घरी रांधायला कुणी नव्हतं. गलबतात बसवून समुद्रापार आपल्या देशी घेऊन गेला तो तिला.”

“आई काही बोलली?”

“नाही... दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं, व्रत असेल.”

थेरीनं सुई चीवरात खोचली आणि चीवर बाजूला ठेवलं.

“त्या दासीचं नाव काय होतं?”

स्कंदघोषानं मान खाली घातली. “म्हातारी,” तो म्हणाला. “आम्ही सगळे म्हातारीच म्हणायचो.”

खाली दरीत कुणीतरी गुरं हाकत होतं. पाथरवट बिचारा कुठं बघावं ते न कळून छिन्नीकडंच बघत राहिला.

“चांगलंसं एखादं नाव कोरू या,” स्कंदघोष घाईघाईनं म्हणाला. “सुभद्रा... श्रीमती... कुणाला कळणार आहे, थेरी? नाव राहिल्याशी कारण.”

थेरी गुडघ्यावर हात टेकत उठली. पाथरवटाच्या हातातून तिनं छिन्नी काढून घेतली आणि खाली ठेवली.

“जन्मभर ती बापाच्या गोत्राच्या हाकेला ओ देत राहिली. मेल्यावर तरी तिला परक्या बाईच्या नावानं हाक मारू नकोस.”

मग मात्र स्कंदघोषाला आवरेना. अमात्यपण, भरजरी शेला, काही काही आड आलं नाही. आईला अग्नी देतानाही तो असा रडला नव्हता. कोऱ्या कातळावर कपाळ टेकून तो ढसाढसा रडला. एकच गोष्ट मागितली होती तिनं, एकच, आणि ती द्यायला त्याच्यापाशी नव्हती. समुद्राच्या या तीरावर कुणापाशीच नव्हती.

पुष्कळ वेळानं त्यानं शेल्यानं तोंड पुसलं. थेरीकडं बघितलं. ती त्याच्या आईपेक्षाही थकलेली दिसत होती.

“थेरी,” त्यानं विचारलं, “तुमचं नाव काय? संघात येण्याआधीचं... तुमच्या आईनं ठेवलेलं.”

कुणा बाईला तिचं नाव विचारायची त्याची ही पहिलीच वेळ.

थेरीनं सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, एकदा, दोनदा... ती दरीकडं बघत राहिली.

“विचारलंस खरं, बाबा,” ती म्हणाली. “पण उशीर केलास. गेल्या हिवाळ्यापर्यंत आठवत होतं.”