मिरी मुंगी आणि झालरीचं कव्हर

मुंगी होती एक. नाव तिचं मिरी. होती मात्र मिऱ्याच्या दाण्याहून लहान. पण नाव ठेवणाऱ्यांनी ठेवलं, आपण काय करणार?

मिरी राहायची फलटणला, केतकीच्या घरात, कॉम्प्युटरच्या टेबलाखाली. तिथे फरशीला एक फट होती. फटीत मिरी आणि तिची सात धाकटी भावंडं. धाकटी म्हणजे अगदीच धाकटी हं. त्यांना अजून चालता येत नव्हतं. भूक मात्र लागायची.

केतकी शाळेतून आली की कॉम्प्युटरवर गाडीचा गेम खेळायची. मांडीवर चिवड्याची वाटी, पडद्यावर गाडी. घुर्र घुर्र, घुर्र घुर्र, गाडी घाट चढायची. माथ्यावर पोचली की केतकी टाळी वाजवायची. मग मांडी हलायची, वाटी हलायची, आणि टप्प. एक पोहा खाली. मिरी तो उचलायची आणि घरी न्यायची. एका पोह्यात सात भावंडांचं पोट भरायचं.

कॉम्प्युटर होता जुना. केतकीच्या जन्माआधीपासून घरात होता. नवे गेम त्याला झेपेनात. नवा कॉम्प्युटर घ्यायला घरात पैसे नव्हते. मग केतकीनं आपला गल्ला उघडला आणि आईबरोबर जाऊन एक कार्ड आणलं. कार्ड कॉम्प्युटरच्या पोटात बसतं आणि गेममधली चित्रं काढतं. कुणीतरी वापरलेलं कार्ड होतं, म्हणून स्वस्तात मिळालं. तरी गल्ला रिकामा झाला.

चार दिवस गाडी मस्त पळाली. केतकी खूश, मिरी खूश.

आजोबाही खूश. केतकीचे आजोबा शिंपी. घरात टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, फ्रिजच्या हँडललासुद्धा कव्हर. ते म्हणाले, आता यात नवं कार्ड आलंय, याला जपायला हवं. बसले मशीनवर. खडखड, खडखड. कॉम्प्युटरच्या पेटीला शिवलं निळं कव्हर, वर लाल झालर. घातलं ते घातलंच.

पाचव्या दिवशी गाडी अर्ध्या घाटात थांबली. घुर्र... घु... खट.

गाडी नाही, टाळी नाही, पोहा नाही. सहाव्या दिवशीही नाही. सातव्याही नाही. फटीत सात भावंडं रडायला लागली.

"रडू नका," मिरी म्हणाली. "मी बघून येते."

निघाली मिरी. तुरुतुरु, तुरुतुरु.

केतकी खुर्चीत बसली होती, हनुवटी हातावर टेकून.

"केतकी केतकी, टाळी वाजव ना.
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

"नाही वाजवत," केतकी म्हणाली. "गाडी धावल्याशिवाय वाजवू कशी?"

तिचं तोंड एवढंसं झालं होतं. कार्ड खराब निघालं असेल, असं तिला वाटत होतं. आणि गल्ल्यात तर आता काहीच नव्हतं.

मिरी चढली टेबलावर. तुरुतुरु, तुरुतुरु. पडद्यावर गाडी उभी होती, घाटात, वाकडी.

"गाडी गाडी, धाव ना.
केतकी टाळी वाजवेना,
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

"नाही धावत," गाडी म्हणाली. "कार्डानं रस्ता काढल्याशिवाय धावू कशी?"

मिरी उतरली, कव्हराखाली शिरली, वायरीच्या भोकातून पेटीत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. बाई बाई, काय उकडत होतं आत! कोपऱ्यात कार्ड बसलं होतं, तापाने फणफणलेलं.

"कार्ड कार्ड, रस्ता काढ ना.
गाडी धावेना,
केतकी टाळी वाजवेना,
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

"नाही काढत," कार्ड म्हणालं. "पंख्यानं वारा घातल्याशिवाय काढू कसा?"

म्हणजे कार्ड खराब नव्हतंच. तापलं होतं फक्त. मिरीच्या जिवात जीव आला. ती गेली पंख्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पंखा थोडा फिरायचा, थांबायचा. घर्र... घर्र... गप्प.

"पंख्या पंख्या, वारा घाल ना.
कार्ड रस्ता काढेना,
गाडी धावेना,
केतकी टाळी वाजवेना,
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

"नाही घालत," पंखा म्हणाला. "अंगावरची धूळ उठल्याशिवाय घालू कसा?"

धूळ पंख्याच्या पात्यांवर पसरली होती. किती वर्षांची, तिचं तिलाच ठाऊक. चांगली गुबगुबीत झाली होती, गोधडीतल्या कापसागत.

"धूळबाई धूळबाई, ऊठ ना.
पंखा वारा घालेना,
कार्ड रस्ता काढेना,
गाडी धावेना,
केतकी टाळी वाजवेना,
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

"नाही उठत," धूळबाई म्हणाली. "कव्हर दूर झाल्याशिवाय उठून जाऊ कशी?"

मिरी बाहेर आली. कव्हरावर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु. झालर ओलांडता ओलांडता दमली बिचारी. झालरीला चुण्या फार होत्या.

"कव्हर कव्हर, दूर हो ना.
धूळबाई उठेना,
पंखा वारा घालेना,
कार्ड रस्ता काढेना,
गाडी धावेना,
केतकी टाळी वाजवेना,
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

"नाही होत," कव्हर म्हणालं. "आजोबांनी काढल्याशिवाय दूर होऊ कसं?"

आता राहिले आजोबा. ते बाहेरच्या खोलीत मशीनवर बसले होते. खडखड, खडखड. मिरी त्यांच्या धोतरावरून चढली, सदऱ्यावरून चढली, आणि हातावर येऊन बसली.

"आजोबा आजोबा, कव्हर काढा ना.
कव्हर दूर होईना,
धूळबाई उठेना,
पंखा वारा घालेना,
कार्ड रस्ता काढेना,
गाडी धावेना,
केतकी टाळी वाजवेना,
पोहा पडेना,
भावंडांचं पोट भरेना."

मशीन थांबलं.

"नाही काढत," आजोबा म्हणाले.

आणि सांगत बसले. तीन दुपारी बसून शिवलंय. झालर दोनदा उसवली, दोनदा लावली. आणि कव्हर काढलं तर आत धूळ नाही का जाणार? रस्त्यावर धूळ काय कमी आहे?

आता कुणाकडे जायचं? आजोबांच्या पुढे कुणीच नव्हतं. मिरी तिथेच बसली. तिनं विचार केला. आत काय काय पाहिलं, ते सगळं आठवलं. मग हळूच म्हणाली, "आजोबा, धूळ आतच आहे. बाहेर पडायला तिला वाट नाही. वाऱ्यालाही नाही. आत फार उकडतं हो."

आजोबा उठले. कॉम्प्युटरपाशी गेले आणि कव्हरावर हात ठेवला. कव्हर गरम होतं, आत्ताच इस्त्री फिरवल्यासारखं.

त्यांना वाईट वाटलं. मग ते केतकीला म्हणाले, "मला वाटलं, मी याला जपतोय. मी तर याला भर उन्हाळ्यात स्वेटर घातला."

केतकी हसली नाही. ती उठून त्यांच्याजवळ गेली. म्हणाली, "झालर छान आहे पण, आजोबा. बंद असताना घालू."

आजोबांनी बटण बंद केलं, वायर काढली. कॉम्प्युटर गार होऊ दिला. मग कव्हर उतरवून नीट घडी केली. केतकीनं पेटीचे स्क्रू फिरवले. दोन्ही हात लागणार होते, म्हणून चिवड्याची वाटी तिनं टेबलावर ठेवली. आजोबांनी शिवणमशीन साफ करायचा आपला छोटा ब्रश आणला. आजोबांनी पंखा धरला, केतकीनं ब्रश फिरवला. फुस फुस, फुस फुस. गल्ल्यातला एक रुपयाही लागला नाही.

मग काय झालं?

कव्हर दूर झालं.
धूळबाई उठली, खिडकीतून गेली.
पंख्यानं वारा घातला, सर्र सर्र.
कार्डानं रस्ता काढला, लांबच लांब.
गाडी धावली, घुर्र घुर्र, घुर्र घुर्र, थेट घाटमाथ्यावर.
केतकीनं टाळी वाजवली.

आणि पोहा?

पोहा पडला नाही.

वाटी टेबलावर होती ना. मांडी हलली, पण वाटी हललीच नाही. मिरीनं खुर्चीखाली पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, पायपुसण्याभोवती फिरून आली. कुठे काही नाही. केतकी हसत होती, गाडी पळत होती, सगळ्यांचं सगळं झालं होतं. मिरीला रडू आलं. मुंगीचं रडू ते केवढं असणार? कुणालाच दिसलं नाही.

आजोबा बाजूला बसले होते. कव्हराची घडी मांडीवर होती. शिंपी माणूस, कपडा झाला की एकेक बटण, एकेक काज हात लावून बघायची सवय. तसेच ते एकेक बोट दुमडत पुटपुटत होते. कव्हर झालं. धूळबाई झाली. पंखा झाला. कार्ड झालं. गाडी झाली. टाळी झाली.

आजोबा थांबले.

"केतकी," ते म्हणाले, "पोहा राहिला."

त्यांनी वाटी जवळ ओढली. चाळून चाळून एक मोठा पोहा निवडला, चांगला फुललेला, हळदीचा. मग गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. मिरी होती तिथे, तिच्या अगदी पुढ्यात, पोहा ठेवला.

"घे बाळ," आजोबा म्हणाले. "हा तुझा."

मिरी पाहतच राहिली. आजवर तिनं सांडलेले पोहे उचलले होते. असा कुणी दिला नव्हता.

तिनं पोहा उचलला. जड होता. तुरु... तुरु... तुरु... तुरु... थांबत थांबत घरी नेला. सात भावंडं जेवली. पहिलं जेवलं, दुसरं जेवलं, सातवंही पोटभर जेवलं. पोहा मोठा होता, म्हणून एक तुकडा उरला.

तो मिरीनं खाल्ला. एरवी तिला उरत नसे.