पांगाऱ्यातली ढोली

फार वर्षांपूर्वी, रानातली पाखरं आपली घरं दुसऱ्याकडून करून घेत त्या काळात, एक तांबट पक्षी ढोल्या कोरून देई. एकदा साळुंकी त्याच्याकडे आली. "तांबटदादा, माझे दिवस भरत आलेत. चार दिवसांत घर हवं."

तांबटाने पांगाऱ्याची फांदी निवडून काम सुरू केलं. तेवढ्यात समोरच्या झाडावर नवा सुतार पक्षी आला. त्याचे दणदणीत टोले ऐकायला सगळी पाखरं तिकडे जमली. तांबटाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुताराने दहा टोले घातले की हा बारा घालायचा. नजर समोरच्या झाडावर आणि चोच या फांदीवर. तिसऱ्या दिवशी चोच आरपार गेली आणि ढोलीला मागून भगदाड पडलं.

साळुंकी भडकली. "मी घर सांगितलं होतं, शर्यत नाही! पिल्लं इथून खाली पडली, तर तू सुताराला हरवलंस म्हणून आनंद मानू का?"

आता तांबटाला स्वतःचाच संताप आला. त्याने दुसरी फांदी धरली आणि लाकूड कुठे मऊ, कुठे कठीण, एवढंच पाहत रात्रंदिवस कोरत राहिला. चौथ्या संध्याकाळी साळुंकी आत शिरली आणि तिने पहिलं अंडं घातलं.

समोरून सुतार ओरडला, "माझ्या तीन ढोल्या झाल्या! तुझ्या किती?"

"हळू बोल," तांबट खेकसला, "आत बाळंतीण आहे."