पुढच्याचा हात

"मग हा हात थांबवायचा कसा, नाना?"

कौस्तुभनं डावा हात पुढे धरला होता. दुकानदाराला बिघडलेली वस्तू परत द्यावी, तसा.

नाना गायधनी गिरणाऱ्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर सायकलच्या साखळीला तेल देत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"दुखतो?"

"दुखत नाही. ऐकत नाही."

नानांनी नाशिककडच्या कितीतरी पोरांना सायकल शिकवली होती. चालवायला नव्हे, रस्त्यावर वागायला. कौस्तुभ कुलथे त्यांच्यातला सगळ्यात वेगवान. आणि ते त्याला माहीत होतं.

नानांची शिकवण साधी होती. ओळीत जाताना मागच्यानं पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचं. वारा पुढचा खातो, मागच्याला दम मिळतो. पण मागच्याला रस्ता दिसत नाही. दिसते ती फक्त पाठ. म्हणून खड्डा आला की पुढच्यानं हात खाली नेऊन बोट दाखवायचं.

कौस्तुभच्या मागे कायम त्याचा धाकटा भाऊ असायचा. निनाद.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस डेंग्यूनं निनाद गेला.

हात मात्र अजून खड्डे दाखवत होता.

"रविवारी वाघेऱ्याच्या घाटात उतरत होतो," कौस्तुभ म्हणाला. "एकटाच. वळणावर खडी पडली होती. हात आपोआप हँडलवरून सुटला आणि खाली गेला… खडी दाखवायला. चाक सरकलं. कठड्याला जाऊन थटलो."

"लागलं?"

"लागलं नाही. पण खाली आपली मंडळी उभी होती. सगळ्यांनी पाहिलं. त्यातला बागूल जवळ आला आणि हळूच विचारलं, कुणाला दाखवत होतास रे?"

नानांनी साखळी फिरवून पाहिली.

"काय सांगितलंस?"

"काय सांगणार?"

नानांनी तेलाचा थेंब पुढच्या कडीवर सोडला.

"नाना, मी सगळं नीट केलं. आईसमोर रडलो नाही. कामावर गेलो. रोज पहाटे सायकल काढली. भूक, झोप, चढ, सगळं ऐकतं माझं. हा एक हात तेवढा…" तो थांबला. "या रविवारी नवी मुलं येतायत. तुम्ही मला पुढे ठेवणार आहात. नका ठेवू. जो माणूस कुणी नसताना खड्डे दाखवतो, त्याच्या मागे कुणाची पोरं द्यायची नसतात."

"हे ठरवून आलास?"

"हो. हात थांबला तर पुढे राहीन. नाही थांबला, तर सायकल सोडली."

नानांनी फडक्याला हात पुसले.

"काढ सायकल."

"आत्ता?"

"मग काय मुहूर्त बघायचा? एकच सांगतो. आज हात दाखवायचा नाही. काही झालं तरी."

"मागे कोण?"

"मी."

कौस्तुभनं नानांच्या सायकलकडे पाहिलं. जुनी, लोखंडी, रंग उडालेली.

"हळू घेऊ ना?"

"तुझी सायकल माझ्या टिफिनपेक्षा हलकी आहे म्हणून फार ऐटीत येऊ नकोस. चल."

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना वाईनच्या द्राक्षांच्या बागा होत्या. तोड चालू होती. तारांखाली वाकलेल्या बाया क्रेट भरत होत्या. ट्रॅक्टर वळतात तिथे रस सांडून डांबर चिकट झालं होतं आणि त्यावर मधमाश्या घोंघावत होत्या.

मग बागा विरळ झाल्या. डोंगर जवळ आले. साग सुरू झाला. त्याची पानं बरीचशी गळून रस्त्यावर पडली होती, चाकाखाली चुरत होती.

मागून नानांचा श्वास ऐकू येत होता.

पहिला खड्डा आला. कौस्तुभनं तो सहज चुकवला. हात हलला… त्यानं मूठ आवळली. नाना कसेबसे बाजूनं निघाले.

दुसरा आला. मूठ आणखी आवळली.

तिसरा मोठा होता, पानांनी भरलेला. बोटं हँडलवरून उचललीच होती, ती त्यानं पुन्हा दाबून धरली. हात थांबला.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा थांबला.

मागे धाडकन आवाज झाला.

नाना रस्त्याच्या कडेला पडले होते. सायकलचं चाक हवेत फिरत होतं. गुडघा सोलवटला होता.

शेजारच्या मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी फुलं वेचत होती. टोपली ठेवून ती उठली.

"म्हाताऱ्याला पाडलंस का रं?" ती कौस्तुभवर खेकसली.

"मी नाही… मावशी, मी पुढे होतो."

"मंग पुढं राहून बघत काय व्हतास?"

नाना हसायला लागले. हसता हसता कण्हले.

कौस्तुभनं बाटलीतलं पाणी गुडघ्यावर ओतलं. माती निघून गेली. तरी तो ओतत राहिला.

"पुरे रे. अंघोळ नको घालू."

"नाना, तुमचे डोळे उघडे होते ना?"

"होते."

"मग?"

"तुझ्या पाठीवर होते."

"पण तुम्हीच म्हणालात, हात दाखवायचा नाही!"

"म्हणालो होतो."

"मग चूक कुणाची?"

म्हातारीनं पदरातली चार फुलं काढून नानांच्या हातावर ठेवली. त्यांनी एक तोंडात टाकलं.

सागाचं एक पान खाली आलं. मग आणखी एक.

"तुम्ही मागे होतात," कौस्तुभ अखेर म्हणाला. "तुमच्यासाठी हात दाखवायला हवा होता, कबूल. पण तो नाहीये नाना. तो मागे नाहीये. मग हा हात…"

तो रस्त्यावरच खाली बसला. हेल्मेट काढलं आणि तोंडासमोर धरलं.

म्हातारी फुलं वेचायला परत गेली. नाना तिकडेच बघत राहिले.

कौस्तुभनं हेल्मेट खाली घेतलं तेव्हा नाना उभे होते. सायकल सरळ करून चाक फिरवून बघत होते.

"चढ चढू या."

"या गुडघ्यानं?"

"गुडघा माझा आहे. तू तुझं बघ."

दोघं चढ चढले. माथ्यावर नाना थांबले. पुढे उतार होता, वळणावळणाचा. रविवारचा तोच.

"वळणावर हात का सोडलास?" नानांनी विचारलं.

"तेच तर सांगतोय… आपोआप."

"अरे, खड्डा दाखवलास त्याचं मला काही नाही. उतारावर, वळणावर हात सोडलास त्याचं आहे. उतारावर काय करायचं शिकवलं होतं?"

कौस्तुभ गोंधळला.

"हात सोडायचा नाही. तोंडानं सांगायचं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"एकट्यानं? घाटात ओरडू?"

"लाज वाटते?"

कौस्तुभनं मान खाली घातली.

"नव्या मुलांच्या आधी तुला शिकवायला हवं परत," नाना पुटपुटले. "हो पुढे. दोन्ही हात ब्रेकवर. दिसेल ते ओरडून सांग. मी आहे मागे. एकदा पडलोय, आता पाडू नकोस."

कौस्तुभ निघाला.

पहिल्या वळणावर खडी होती. त्याच्या तोंडून शब्द निघाला, पण ओठांबाहेर आला नाही.

दुसऱ्या वळणावर बाहेर आला. पुटपुटल्यासारखा.

तिसऱ्या वळणावर खालून जीप येत होती.

"गाडी!"

आवाज सागांमधून वर गेला. डोंगरावर आपटून परत आला. कौस्तुभ दचकला. पण हात जागेवर होते.

"खड्डा! डावीकडे!"

"खडी!"

"सांभाळून… पाणी आहे रस्त्यावर!"

मग त्यानं आवाज राखला नाही. वळणं एकामागून एक येत गेली. एका ठिकाणी तो नुसतंच "आलो आलो" म्हणाला. का, ते त्यालाही कळलं नाही. चाकं सरळ राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि उताराला वारा होताच.

घाटाखालच्या पुलावर तो थांबला. मागे वळला.

रस्ता रिकामा होता.

त्यानं वाट पाहिली. नाना आले नाहीत. तो सायकल वळवून पुन्हा चढू लागणार, एवढ्यात वरच्या वळणावर नाना दिसले. आरामात येत होते. संध्याकाळी फिरायला निघावं, तसे.

"पडलात?"

"छे."

"मग होतात कुठे?"

"माथ्यावर. बसलो होतो जरा कठड्यावर. गुडघा कुरकुरत होता."

"म्हणजे… तुम्ही माझ्या मागे निघालाच नाहीत?"

"नाही."

कौस्तुभचा चेहरा लाल झाला.

"नाना, मी सबंध घाटभर वेड्यासारखा ओरडत आलो! खड्डे सांगत, खडी सांगत… आणि मागे कुणीच नव्हतं!"

"ऐकलं मी. वरपर्यंत येत होतं. सांगितलंस चांगलं. रविवारी मुलांपुढे तूच राहा."

"अहो, पण मागे कुणी नव्हतं!"

नानांनी सायकल त्याच्या सायकलीमागे आणून उभी केली. चाकाला चाक लावून.

"मागं कोण आहे, हे पुढच्याला दिसतं तरी कधी?"