आंबलेल्या आमटीची परीक्षा

एका घाटाच्या पायथ्याशी एकाची खाणावळ होती. तिथल्या आमटी-भाकरीसाठी गाडीवान मुद्दाम वाट वाकडी करून यायचे. पण ती सगळी चव मालकाच्या बायकोच्या हातची. एका हिवाळ्यात ती वारली आणि चूल थंड पडली. आता स्वयंपाकाला माणूस ठेवणं भागच होतं.

एक पोक्त बाई आली आणि एक चटपटीत आचारी आला. मालक स्वतःला मोठा पारखी समजे. त्याने दोघांपुढे आदल्या दिवशीच्या आंबलेल्या आमटीचं एकेक पातेलं ठेवलं.

"हिचं काय करता ते बघू," तो म्हणाला.

बाईने झाकण काढून वास घेतला आणि पातेलं सरळ उकिरड्यावर रिकामं केलं. "ही कुणाच्या पानात वाढायची नाही, मालक. डाळ द्या, नवी शिजवते."

आचाऱ्याने मात्र गूळ घातला, वर लसणाची झणझणीत फोडणी दिली. मालक बोटं चाटत राहिला.

"बाई, तुम्ही तर माझं दिवाळं काढाल," असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं. त्याची बायकोही रोज सकाळी असाच वास घेऊन पातेली उलथायची आणि तो असाच करवादायचा. पण तेव्हा हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

आचारी रोजची शिळी आमटी फोडणी घालून पानात वाढू लागला आणि नासाडी थांबली. मालक खूश होता.

भर उन्हाळ्यात त्याचा जुना मित्र, एक म्हातारा गाडीवान, जेवायला आला. मालकाने स्वतः आमटी-भाकरी वाढली.

"वहिनींची आठवण झाली रे. अजून वाढ," म्हातारा म्हणाला. मालकाने अजून आमटी वाढली.

संध्याकाळी म्हाताऱ्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दगावला.

मालक आचाऱ्यावर धावून गेला. आचारी शांतपणे म्हणाला, "ज्या कामासाठी ठेवलंत, तेच केलं मालक."

मालक त्या बाईला शोधत पलीकडच्या गावी गेला. ती दुसऱ्याच्या चुलीपुढे बसली होती. "तेव्हा आनंदाने राहिले असते," ती म्हणाली. "आता तिथे जेवायला कोण येणार?"

मालक परतला. खाणावळ ओस पडली होती. दारात म्हाताऱ्याचे बैल अजून बांधलेले होते आणि धन्याची वाट बघत होते. मालकाने त्यांना पाणी पाजलं आणि तिथेच बसून तो रडला.

तात्पर्य: माणूस निवडताना आपण ज्या गोष्टीला शाबासकी देतो, तीच तो पुढे रोज करतो.